तिसरी खुर्ची

नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावात सायकलच्या कॅरिअरला घडीचं स्टूल बांधून फिरणारी मराठी बाई एकच होती. त्यामुळे त्यांची ओळख सांगायला नावाची गरज पडायची नाही. तळ्याकाठी गळ टाकून बसणारे लोक नेतात तसलं ते हिरव्या कापडाचं स्टूल. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट, पायात बूट, आणि हेल्मेटखाली ठसठशीत टिकली. आमच्या मराठी मंडळात काकू पुष्कळ होत्या, म्हणून यांना सगळे 'दुभाषी काकू' म्हणायचे. त्यांना ते आवडत असावं, कारण फोन उचलल्यावर त्या स्वतःही तसंच सांगायच्या.

त्यांचं काम असं होतं. आपल्याकडून आई-वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे येतात, आणि आले की त्यांची सांगलीत किंवा सोलापुरात गप्प बसलेली दुखणी इथे बोलायला लागतात. मग हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जावं लागतं. डॉक्टर डच, पेशंट मराठी. मधे मुलगा किंवा सून. काकूंचं म्हणणं होतं की मधे घरचं माणूस असणं हाच सगळ्या घोटाळ्याचा पाया आहे. घरचं माणूस भाषांतर करत नाही, निवडतं. म्हणून त्या स्वतः जायच्या, फुकट. कुणी डबा दिला तर घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी फोन करून मीठ जास्त होतं की कमी ते कळवायच्या.

स्टुलाचं कारण त्यांनी मला एकदा बारकाईने समजावून सांगितलं होतं. डॉक्टरच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. त्यातली एकही त्यांना नको असायची. त्यांना पेशंटच्या डाव्या खांद्यामागे, जरा तिरकं बसायचं असायचं. समोर बसलं की डॉक्टर बोलताना दुभाष्याकडे बघतो आणि पेशंट बिचारा सामानासारखा बाजूला पडून राहतो. "माझ्या तोंडाकडे बघायचं त्यांना काय कारण? दुखतंय मला का?" असं त्या विचारायच्या. मागे तिसरी खुर्ची मांडायला जागा नसायची, म्हणून स्टूल.

आत जाण्याआधी वेटिंग रूममध्ये त्या 'करार' करायच्या. पेशंटला समोर बसवून, हळू पण शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगायच्या, "हे बघा, दारातून आत गेलं की मी नाही. मी 'मला' म्हटलं की ते तुमचं 'मला'. आत जे बोललं जाईल, मग कुणाच्या कानात का बोललेलं असेना, ते सगळं पलीकडे जाणार. सांगायचं नसेल ते आत्ताच घरी ठेवून या." कुणी मान डोलावली तर म्हणायच्या, मान नको, तोंडानं हो म्हणा.

इथून पुढचे किस्से काकूंनी सांगितलेले नाहीत. खोलीतलं एक अक्षर त्यांनी कधी बाहेर काढलं नाही. ज्यांचे किस्से होते त्यांनीच ते मंडळात मीठमसाला लावून सांगितले.

माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना मूळव्याध होती. त्यांनी लाजत लाजत सांगितलं, आणि काकूंनी तितक्याच लाजऱ्या आवाजात डचमध्ये सांगितलं, मला शौचाला बसलं की फार आग होते. समोर शिकाऊ डॉक्टर होता, बावीस-चोवीस वर्षांचा. त्याने हातमोजा चढवला आणि मोठ्या सहानुभूतीने काकूंकडे वळला. काकूंनी फक्त आवाज बदलला. "दुभाषी म्हणते, पेशंट तुमच्या पुढ्यात बसलेत." स्वतःचं काही सांगायचं असलं की त्या असं 'दुभाषी म्हणते' करून सांगायच्या. हे वाक्य पुढे आमच्याकडे घराघरांत गेलं. माझी बायको अजूनही मला भांडी घासायला सांगताना ते वापरते.

दुसरा किस्सा एका सासूबाईंचा. गुडघे दाखवायला आल्या होत्या. डॉक्टर बाई आत आल्या तशा सासूबाई सुनेच्या कानाशी कुजबुजल्या की ही डॉक्टर आहे की कोण, केस बघ कसे झालेत, विंचरायलाही वेळ मिळालेला दिसत नाही. काकूंनी तेही डचमध्ये सांगितलं, कुजबुजूनच. सून टेबलाखाली जायची बाकी होती. डॉक्टर बाईंनी केसांवरून हात फिरवला आणि सांगितलं की घरात दोन मुलं, एक बाथरूम आणि नवऱ्याला आंघोळीला अर्धा तास लागतो. काकूंनी ते मराठीत आणलं. मग त्या दोघी नवरे या विषयावर इतक्या रमल्या की गुडघे शेवटच्या दोन मिनिटांत उरकले. सून सहा महिने काकूंशी बोलत नव्हती. सासूबाई मात्र पुढच्या वर्षी आल्यावर आधी त्याच डॉक्टरची वेळ घ्यायला लावत होत्या.

आणि मान. आपली मान कशी हलते ते इथल्या लोकांना कळत नाही, आणि त्यांना ते कळत नाही हे आपल्याला कळत नाही. एका आजोबांना डॉक्टरने विचारलं, गोळ्या रोज घेता ना? आजोबांनी मान हलवली. डॉक्टर टाइप करायला लागला. मागून आवाज आला की दुभाषी म्हणते, ही मान 'हो' म्हणत नाहीये, ही मान 'पुढे चला' म्हणतेय, परत विचारा. परत विचारल्यावर कळलं की गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत. तोंडाला कडवट चव येते म्हणून सोडल्या होत्या आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.

पेशंट गप्प झाला तर काकूही गप्प बसायच्या. डॉक्टरला दहाच मिनिटं असतात, तो लगेच पुढचा प्रश्न टाकायला जायचा. काकू खांद्यामागून तळहात वर करायच्या. दुभाषी म्हणते, यांचं बोलणं अजून संपलेलं नाही. यासाठी त्या वेळ घेतानाच दुप्पट वेळ मागून घ्यायच्या, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने कारण विचारलं तर सांगायच्या की अर्धा वेळ आम्ही गप्प बसणार आहोत.

खोलीच्या बाहेर मात्र काकू म्हणजे अखंड रेडिओ. घरी आल्या की पहिल्या पाच मिनिटांत तुमचे पडदे, तुमची पोहे भिजवायची पद्धत आणि तुमच्या मुलाचं डच, या सगळ्यावर अभिप्राय यायचा. वर पुस्ती जोडायच्या, "हे मी म्हणतेय हं, दुभाषी नाही." गणपतीत सेक्रेटरीचं भाषण संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पहिल्या चार मिनिटांनंतर लोक तुझ्याकडे नाही, मोदकांच्या ट्रेकडे बघत होते. तो बिचारा दोन दिवस घुम्यासारखा फिरत होता. तिसऱ्या दिवशी आरतीनंतर तो दीड मिनिटात बोलून मोकळा झाला.

त्यांना 'काही नाही' हे दोन शब्द सहन व्हायचे नाहीत. एकदा माझी बायको कशावरून तरी फुरंगटून बसली होती. काकूंनी विचारलं, काय झालं गं. ती म्हणाली, काही नाही. काकू निघायच्या बेतात होत्या, त्यांनी रेनकोट परत काढला. "बरं, मग बसते. म्हणजे हे लांबणार आहे," असं म्हणून त्यांनी स्वतःच चहाचं आधण ठेवलं. ते खरंच दीड तास लांबलं, आणि त्यात बहुतेक चुका माझ्या निघाल्या.

निरोपही त्या पोचवायच्या नाहीत. शेजारच्या मराठी कुटुंबाने नेलेलं आमचं इडलीपात्र परत येत नव्हतं. बायकोने काकूंना सुचवलं की तुम्ही जाता येता सहज विषय काढा. काकूंनी तिथल्या तिथे त्या शेजारणीला फोन लावला आणि बायकोच्या हातात दिला. म्हणाल्या, दोन माणसं समोरासमोर असतील तरच मी मधे बसते. एक इकडे, एक तिकडे असली तर ती चहाडी होते.

हे सगळं मला तेव्हा मजेचं वाटायचं. लांबून बघत होतो म्हणून.

गेल्याच्या गेल्या वर्षी बाबा आले. आई गेल्यापासून ते सांगलीत एकटेच राहतात. पाटबंधारे खात्यात आरेखक होते, कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेली. त्यांचं अक्षर हा आमच्या घरात अभिमानाचा विषय होता. आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी बाजाराची यादी करून दिली, आणि मला ती दुकानात वाचता येईना. पहिला शब्द नेहमीचा होता. मग अक्षरं बारीक होत गेली होती आणि शेवटचा शब्द तर मुंगी चालून गेल्यासारखा. मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. टीव्ही बघताना तो मांडीवर एकटाच हलत होता.

हाउसआर्ट्सकडे मीच नेलं. काकूंना बोलवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. बारा वर्षं इथे आहे, चिप बनवायच्या मशीनवर काम करतो, रोज डच माणसांशी डचमध्ये भांडतो. स्वतःच्या वडिलांसाठी परका माणूस कशाला हवा? पुढे इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरची वेळही नशिबाने लवकर मिळाली. त्या बाईंनी बाबांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. मग माझ्याकडे बघून सावकाश डचमध्ये सांगितलं की हा पार्किन्सन आहे, सुरुवातीचा आहे, पण तो वाढत जाणार आहे. बाबा खाली वाकून बूट घालत होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, काही नाही, नसा जरा अशक्त झाल्यात, वयामुळे होतं, गोळ्या देतील.

पार्किन्सनला डचमध्येही पार्किन्सनच म्हणतात, ही गोष्ट माझ्यासारख्या इंजिनिअरच्या लक्षात आली नाही. आली असेल, पण मी ती लक्षात घेतली नाही.

पुढचे तीन आठवडे मी फार कामात होतो. पुण्यात म्हाताऱ्यांसाठी सोय असलेली एक जागा आहे, नर्स असते, लिफ्ट असते, हाक मारायला घंटा असते. तिथे बाबांचं नाव नोंदवलं. सांगलीचं घर विकायचं म्हणून एका एजंटशी बोलणं सुरू केलं. ते घर बाबांनी स्वतः आखून बांधलेलं, जिन्याची एकेक पायरी त्यांनी कागदावर मोजलेली. त्यांना मी एवढंच सांगितलं की आता सांगलीत एकट्यानं राहणं बरं नाही, पुण्यात बघू काहीतरी. ते बरं म्हणाले. आजाराचं नाव कळलं तर खचतील, आधी हलवू, मग योग्य वेळी सांगू, असं मी बायकोला पटवलं होतं. योग्य वेळ कुठली ते तिने विचारलं तेव्हा मी चिडलो होतो.

इस्पितळातली दुसरी वेळ जवळ आली. बाबा सकाळचा चहा घेताना म्हणाले, "त्या स्टूलवाल्या ताईंना सांगितलंय मी. त्या येतील गुरुवारी." तळ्याकडे फिरायला जाताना त्यांची आणि काकूंची बाकावर ओळख झाली होती. मी म्हटलं, बाबा, मी आहे ना. ते म्हणाले, तू आहेसच.

त्याच दिवशी ऑफिसातून लवकर निघून मी काकूंकडे गेलो. त्या बागेतल्या कुंडीत मेथी पेरत होत्या. मी सगळं सांगायला लागलो, तर त्यांनी मातीचा हात वर केला. "गुरुवारचं असेल तर मला काही सांगू नकोस. खोलीत सांग." पण मी थांबलो नाही. म्हटलं, काकू, एवढंच करा, नाव तेवढं गाळा आणि वाढत जाणार आहे ते वाक्य सोडा. बाकी सगळं सांगा. दोन वाक्यांचा तर प्रश्न आहे.

त्यांनी नळाखाली हात धुतले. मग आत न बोलावता तिथेच पायरीवर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं. इतकी वर्षं ओळख असून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. काकांच्या शेवटच्या आजारपणात काकाच पेशंट होते आणि काकूच मधे बोलत होत्या. काका कारखान्यात इंग्रजीवर निभावून नेत, डच त्यांना कधी जमलं नाही. "त्या खोलीत मी दुभाषी नव्हते, बायको होते, म्हणून सांगते," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, काही आठवडे. मी यांना सांगितलं, काही महिने. एकच शब्द बदलला रे. यांचं धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर म्हणाले, जरा बरं वाटू दे, पुढच्या महिन्यात त्याला फोन करतो. मी म्हटलं, करा की."

तो पुढचा महिना काकांना मिळाला नाही. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, की यांच्या चुकीची शिक्षा माझ्या बाबांना का. तसं मी म्हणालोही. त्या म्हणाल्या, "असेल. पण मी येणार ती सगळं सांगायला येणार. नको असेल तर तुझ्या वडिलांना सांग, मला नको. त्यांनी बोलावलंय." घरी येऊन मी बाबांना काहीच सांगितलं नाही.

गुरुवारी वेटिंग रूममध्ये करार झाला. बाबांनी एखादं टेंडर वाचावं तसं सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाने 'हो' म्हणाले. आत दोन खुर्च्यांवर आम्ही दोघं. डाव्या खांद्यामागे हिरवं स्टूल उघडलं गेलं. डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न बाबांना विचारला की तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? काकूंनी तो मराठीत आणला. मी घाईघाईने बोलायला तोंड उघडलं, पण बाबांनी आधी सुरुवात केली.

"नाव माहीत आहे. पार्किन्सन. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात तेव्हा ऐकलं. आमच्या ऑफिसात एका साहेबांना होता, त्यामुळे शब्द ओळखीचा आहे. बाकी मला कुणी काही सांगितलं नाही."

काकूंनी ते डचमध्ये सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नाही, हे वाक्य मी दोनदा ऐकलं, एकदा उजवीकडून आणि एकदा मागून. डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मेंदूकडे पाहत होतो.

मग त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, बाबांच्या डोळ्यांत बघून. काय वाढेल, किती हळू वाढेल, गोळ्यांनी काय होईल, काय होणार नाही. काकूंचा आवाज बरोबर तितकाच सावकाश चालला होता, कुठे मऊ झाला नाही की कडक झाला नाही. सांगून झाल्यावर बाबा गप्प बसले. डॉक्टर बाई काही बोलणार तेवढ्यात मागून तळहात वर झाला. बाबांचा डावा हात मांडीवर हलत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

मग ते डॉक्टर बाईंना म्हणाले, "हात हलतो त्याची मला एवढी भीती नव्हती. पण हा तीन आठवडे माझ्याशी बोलताना खाली बघत होता. मला वाटलं, म्हणजे याहून मोठं काहीतरी असणार. रोज रात्री मी मोजत होतो, अजून काय काय असू शकेल." काकूंनी ते सांगितलं. मी बाबांना त्रास होऊ नये म्हणून जे जे केलं होतं त्याचा त्यांना किती त्रास झाला होता, ते मला माझ्याच वडिलांकडून डॉक्टरच्या खोलीत कळत होतं. मला इतकी लाज वाटली की मी खुर्चीत ताठ झालो.

डॉक्टर बाईंनी विचारलं, तुम्हाला कसं राहायला आवडेल? बाबा म्हणाले, सांगलीला, माझ्या घरात, जमेल तितके दिवस. आणि काय ठरवायचं ते मला विचारून ठरवावं.

लाज वाटली की माणूस गप्प तरी बसतो नाहीतर भांडतो. मी भांडलो. सगळं मराठीत, नेहमीच्या घरच्या आवाजात, की एकटे कसे राहणार, जिना आहे, रात्री पडलात तर कोण आहे, मी तुमच्या भल्याचंच बघतोय, तुम्हाला आत्ता कळत नाहीये. आणि मागून काकू ते सगळं 'मी' लावून डचमध्ये सांगत होत्या, माझाच वेग, माझीच पट्टी. मी तुमच्या भल्याचंच बघतोय. तुम्हाला आत्ता कळत नाहीये. मराठीत ही वाक्यं मी आईच्या तोंडून, आत्याच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेली, त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. डचमध्ये ऐकली आणि वाटलं, असं कोण कुणाशी बोलतं? ऑफिसात हाताखालच्या माणसाशी मी असं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं असतं.

"कळत नाही म्हणतोस," बाबा म्हणाले, "मग सांगितलंस का?" तेही डचमध्ये गेलं. मी अर्ध्या वाक्यात थांबलो.

पुढे काय ठरलं ते आत्ताच सांगून टाकतो. बाबा सांगलीतच आहेत. पुण्याचं नाव काढून टाकलं, एजंटला नको म्हणून कळवलं. बेड खाली आणला, जिना आता फक्त दिवसा आणि कठडा धरून. बाथरूमला कुठे कुठे दांडे बसवायचे त्याचा आराखडा बाबांनी स्वतः काढला, आखलेल्या कागदावर, मोठमोठी अक्षरं काढून, कारण मोठं लिहायचा सराव ठेवा असं त्यांना सांगितलंय. शेजारचा एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येतो. हे कायम पुरणार नाही हे आम्हा दोघांना माहीत आहे आणि ते आम्ही फोनवर बोलतो. काकू आता गुडघ्यांमुळे सायकल चालवत नाहीत, मुलीकडे रॉटरडॅमला राहायला गेल्यात. तिथल्या ट्राममध्येही स्टूल घेऊन चढतात असं ऐकतो. इथे आता लोक डॉक्टरसमोर फोन धरतात, तो भाषांतर करतो. चांगलं करतो. मूळव्याध त्याला बरोबर सांगता येते.

पण त्या खोलीतलं शेवटचं राहिलं. मी थांबलो तेव्हा आमची दुप्पट वेळही संपली होती. डॉक्टर बाईंनी कीबोर्ड बाजूला सारला आणि मला विचारलं, आणि तुमचं काय? तुम्हाला कसलं इतकं वाटतंय? मी त्यांना डचमध्ये उत्तर दिलं. परक्या भाषेत ते सोपं गेलं. मी म्हणालो की मला भीती वाटते, मी इतक्या लांब आहे, एक दिवस माझे बाबा पडतील आणि मला ते फोनवर कळेल. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. आणि सांगताना मी साफ विसरलो होतो की मागे कोण बसलंय.

काकू पुढे वाकल्या आणि बाबांच्या खांद्याशी मराठीत म्हणाल्या, "मला भीती वाटते. मी इतक्या लांब आहे. एक दिवस माझे बाबा पडतील आणि मला ते फोनवर कळेल."

बाबांनी खुर्ची थोडी सरकवली आणि माझ्याकडे वळले. "मलाही वाटते," ते म्हणाले. "मग दोघं मिळून घाबरू."

डॉक्टर बाईंनी हात वर केला. समजलं मला, सांगायची गरज नाही, असं त्या डचमध्ये म्हणाल्या. काकूंनी तरीही बाबांचं वाक्य त्यांना अख्खं सांगितलं, आणि मग वळून डॉक्टरांचं 'समजलं मला' बाबांना सांगितलं.